जानेवारी डिंगी रेगाटा, कुलाबा : तारीख, नियम, सोय, सगळं इथेच बोला

शिडवाला_कुलाबा
मंडळी नमस्कार. जानेवारीत शनिवार-रविवार धरून दोन दिवसांची डिंगी रेगाटा (छोट्या शिडाच्या बोटींच्या शर्यती) घ्यायची हे पक्कं झालंय. व्हॉट्सॲपच्या तीन ग्रुपवर तेच तेच बोलणं चाललंय आणि कोण काय म्हणालं ते कुणालाच सापडत नाही, म्हणून हा धागा. यापुढे जे काय असेल ते इथे.

फ्लीट, म्हणजे बोटींचे गट, चार. ऑप्टिमिस्ट (ऑप्टी), म्हणजे पंधरापर्यंतची मुलं. आयएलसीए ४. आयएलसीए ६ आणि ७ एकत्र स्टार्ट, निकाल वेगळे (जुन्या लोकांनी लेझर म्हणावं, भांडत नाही). आणि ज्यांच्याकडे एंटरप्राइज, ४२०, जीपी १४ असं काही पडून आहे त्यांची हँडिकॅप फ्लीट, वेळ बोटीप्रमाणे दुरुस्त करून. शनिवारी तीन रेस, रविवारी तीन. चार रेस पूर्ण झाल्या तर सगळ्यात वाईट एक वजा.

आता प्रश्न तारखेचा. दोन वीकेंड समोर आहेत. एक अमावास्येचा, त्या रविवारी बक्षीस समारंभाला हॉल मिळतोय आणि पाहुणेही मोकळे आहेत. दुसरा अष्टमी-नवमीचा, त्याला हॉल नाही. समितीतले बरेच जण पहिल्याच्या बाजूने आहेत. बोला.

लेझरवाला
अमावास्या काय नि अष्टमी काय, वारा असला म्हणजे झालं. माझं एकच म्हणणं आहे की पहिला वॉर्निंग सिग्नल (स्टार्टच्या पाच मिनिटं आधीचा) ११ ला द्या. दरवर्षी दीड वाजेपर्यंत किनाऱ्यावर बसवून ठेवता आणि मग संध्याकाळी तिसरी रेस कापता.

नाखवा_मच्छीमारनगर
११ ला कशाला, ७ ला द्या की, मतलई वारा मिळेल तेवढा तरी 😀

थंडीत सकाळी वारा जमिनीकडून असतो, ईशान्येचा, आणि दहा-साडेदहाला तो पडतो. मग तास-दोन तास पाणी तेलासारखं. खारा वारा उत्तरेकडून फिरत वायव्येला येऊन बसेपर्यंत एक-दीड वाजतोच. ११ ला पोरांना पाण्यात सोडलंत तर ती उन्हात तरंगत बसतील आणि भरतीबरोबर भाऊच्या धक्क्याला लागतील.

आणि अमावास्या काय नि अष्टमी काय म्हणणाऱ्याने आमच्याबरोबर एक दिवस पाण्यात यावं. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते, आमच्याकडे पोरांना शाळेत घालायच्या आधी हे शिकवतात. अमावास्या-पुनवेला मुंबईत पूर्ण भरती दुपारी बाराला, त्यानंतर ओहोटी लागते ती सहापर्यंत. म्हणजे तुमचा वारा येणार दीडला आणि ओहोटीचा जोर असणार तीनला. उधाणाची ओहोटी गेटवेसमोर दोन नॉटच्या वर पळते, दक्षिणेला, समुद्राकडे. वारा वायव्येचा म्हणजे तुमचा वरचा मार्क (वाऱ्याकडचा वळायचा बोया) वायव्येला. पोरं ओहोटीच्या तोंडावर टॅक मारत (वाऱ्याकडे नागमोडी जात) बसणार. वारा सहा-सात नॉटचा असला तर ती ऑप्टी जागची हलणार नाही, उलट मागे जाईल.

अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी सहाला भरती, बाराच्या पुढेमागे सुकती (पूर्ण ओहोटी), मग संध्याकाळी साडेसहापर्यंत परत भरती, आणि तीसुद्धा भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, मऊ. हॉलचं काय ते तुम्ही बघा.

जुना_झेंडेवाला
नाखव्यांना अनुमोदन. मी त्यात फक्त बोटी उतरवायच्या रॅम्पचं सांगतो, कारण समितीतल्या लोकांनी कागदावर भरतीचा तक्ता बघितला असेल पण संध्याकाळी पाचला रॅम्पच्या खालच्या टोकाला उभं राहून बघितलं नसेल. उधाणाच्या ओहोटीला रॅम्पचा सिमेंटचा भाग संपतो आणि पुढे गुडघाभर गाळ. लाँचिंग ट्रॉलीचं चाक त्यात एकदा रुतलं की चार माणसं लागतात, चपला आत राहतात, आणि गाळात शिंपले आणि काचा असतात त्यामुळे पोरांचे पाय कापतात. अमावास्येला सुकती सहाची, म्हणजे साठेक बोटी बरोबर सगळ्यात वाईट वेळेला परतणार. जानेवारीत सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास. अंधार, गाळ आणि दमलेली पोरं.

अष्टमीला बोटी उतरवायच्या वेळी सुकती असेल हे खरं, पण भांगाचं पाणी फार खाली उतरतच नाही, रॅम्पचं टोक पाण्यातच राहतं. आणि परतताना पाणी चढतं असतं.

बक्षिसं अंगणात वाटा. चहा आणि वडापाव ठेवला की हॉलची आठवण कुणाला येत नाही.

शिडवाला_कुलाबा
काका, पटलं. पण चढत्या भरतीला स्टार्ट लाइनचा घोळ होईल ना? पाणी उत्तरेकडे जाणार म्हणजे सगळ्या बोटी आपोआप लाइनच्या पलीकडे ढकलल्या जाणार. जनरल रिकॉलवर (सगळ्यांना परत बोलावणं) जनरल रिकॉल.

जुना_झेंडेवाला
होईल थोडा. त्याला औषध आहे. पहिला प्रयत्न साध्या पी झेंड्याखाली. एक जनरल रिकॉल झाला की यू झेंडा. शेवटच्या मिनिटात लाइनची दोन टोकं आणि पहिला मार्क यांच्या त्रिकोणात ज्याच्या बोटीचा हल दिसला तो त्या रेसमधून बाद, सुनावणी नाही. पण पुन्हा जनरल रिकॉल झाला तर त्याला परत संधी मिळते, काळ्या झेंड्यात ती मिळत नाही, म्हणून पोरांना काळा झेंडा मी लावत नाही. यू झेंडा वर गेलेला दिसला की सगळे एकदम शहाणे होतात, हे मी बघत आलोय.

दुसरं म्हणजे लाइन लांब ठेवा. बोटींच्या एकूण लांबीच्या सव्वा ते दीडपट. वीस लेझर असतील तर ४.२ मीटर गुणिले २० म्हणजे ८४, त्याची सव्वापट १०५ मीटर. आपल्याकडे पिन (लाइनच्या दुसऱ्या टोकाची खूण) जवळ टाकायची सवय आहे कारण नांगराची दोरी ओढायला जीवावर येतं.

पवईकर
नमस्कार, मी या धाग्यावर नवीन. माझा मुलगा पवई तलावात दोन सीझन ऑप्टी चालवतोय, समुद्रात पहिल्यांदाच उतरवणार आहे. हे पी, यू, काळा झेंडा यातलं मला ओ की ठो कळलेलं नाही 🙏 मुलाला कळतं बहुतेक पण तो मला सांगत नाही. कुणी सोप्या भाषेत स्टार्ट कसा होतो ते सांगेल का? आणि एकमेकांसमोर आले तर कोणी कोणाला वाट द्यायची?

लेझरवाला
स्टार्ट म्हणजे पाच, चार, एक, शून्य, एवढं लक्षात ठेवा. पाच मिनिटं आधी तुमच्या क्लासचा झेंडा वर आणि एक भोंगा, हा वॉर्निंग. चार मिनिटं राहिली की दुसरा झेंडा वर, पी किंवा यू किंवा जो काय असेल तो, भोंगा. एक मिनिट राहिलं की तो दुसरा झेंडा खाली आणि लांब भोंगा. शून्याला क्लासचा झेंडा खाली, सुटा. आणि वेळ धरायची ती झेंड्यावरून. भोंगा वाजला नाही, उशिरा वाजला, वाऱ्यात ऐकू आला नाही, तरी स्टार्ट ग्राह्यच. दर वर्षी कुणीतरी येऊन भांडतं की भोंगा वाजला नाही म्हणून.

कुणी एखादा लवकर सुटला तर एक्स झेंडा आणि एक भोंगा. ज्याचं त्याने ओळखून लाइनच्या मागे येऊन परत सुटायचं. सगळाच गोंधळ असला की फर्स्ट सब्स्टिट्यूट, दोन भोंगे, सगळे परत.

वाट द्यायचं अगदी थोडक्यात. वारा उजव्या अंगाने येतोय तो स्टारबोर्डवाला, डाव्या अंगाने येतोय तो पोर्टवाला. पोर्टवाल्याने स्टारबोर्डवाल्याला वाट द्यायची. दोघं एकाच टॅकवर आणि बाजूबाजूला असले तर वाऱ्याकडच्या बोटीने खालच्या बोटीपासून लांब राहायचं. एकामागे एक असले तर मागच्याने. आणि जो टॅक करायच्या मधे आहे, अजून सरळ झाला नाही, त्याने सगळ्यांपासून. या चार गोष्टी आल्या तर पोरगं अर्धी रेगाटा पार पडेल. उरलेली अर्धी मार्कवर होते 😂

जुना_झेंडेवाला
मार्कवरचं मी सांगतो, कारण सगळा आरडाओरडा तिथेच. मार्कभोवती बोटीच्या तीन लांब्यांचं वर्तुळ धरायचं, त्याला झोन म्हणतात. ऑप्टी २.३६ मीटर म्हणजे झोन सात मीटरचा, लेझरला साडेबाराच्या आसपास. दोघांतली पहिली बोट झोनला शिवली त्या क्षणी दोघं एकमेकांच्या बाजूला असतील तर बाहेरच्याने आतल्याला मार्क वळायला जागा द्यायची. आतला झोनमध्ये शिरल्यावर मागून घुसला असेल तर त्याला काही हक्क नाही. पोरं नेमकी हेच करतात, शेवटच्या क्षणी नाक घुसवतात आणि 'रूम रूम' ओरडतात. ओरडल्याने जागा मिळत नाही हो.

वरच्या मार्कवर एक पोर्टवर आणि एक स्टारबोर्डवर समोरासमोर येत असतील तर हे झोनचं लागू नाही, तिथे साधा पोर्ट-स्टारबोर्ड.

मार्कला बोट लागली तर एक चक्कर, म्हणजे एक टॅक (बोटीचं नाक वाऱ्यातून वळवून) एक जाइब (मागचं टोक वाऱ्यातून). दुसऱ्या बोटीचा नियम मोडला तर एकाच दिशेने दोन चकरा, आणि त्या इतरांपासून लगेच बाजूला होऊन. ऑप्टीला दोनच्या ऐवजी एक करायची असेल तर तसं सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये (एसआय, स्पर्धेच्या लेखी सूचना) लिहावं लागेल, तोंडी ब्रीफिंगमध्ये सांगून चालत नाही. माझं मत, लिहू नका. दोनच्या भीतीने पोरं नीट चालवतात.

वर्ल्ड सेलिंगचं २०२५ ते २०२८ चं नियमपुस्तक नेटवर फुकट आहे, मुलाबरोबर बसून पहिले वीसेक नियम वाचा. जुनं पुस्तक असेल तर ते बाजूला ठेवा, दर चार वर्षांनी नंबर आणि शब्द हलतात.

पवईकर
खूप धन्यवाद काका. आणि प्रोटेस्ट? म्हणजे समोरच्याने नियम मोडला आणि चकरा मारल्या नाहीत तर?

जुना_झेंडेवाला
पहिल्या संधीला मोठ्याने 'प्रोटेस्ट' म्हणायचं. तोच शब्द. 'ए काय करतोस', 'दिसत नाही का तुला' हे धरत नाहीत, आणि मुंबईच्या पोरांच्या तोंडी नेमकं तेच येतं. सहा मीटरपेक्षा लहान बोटीला लाल झेंडा लागत नाही, म्हणजे आपल्याकडे कुणालाच नाही. मग किनाऱ्यावर येऊन फॉर्म लिहून द्यायचा. पुस्तकात शेवटची बोट संपल्यापासून दोन तास आहेत, आपण एसआयमध्ये ६० मिनिटं करू, नाहीतर कर्जत-कसाऱ्याचे लोक घरी कधी जाणार. सुनावणीत मुलाने स्वतः बोलायचं. आईबाप बाहेर बसतील.

ऑप्टीची_आई_ठाणे
बाहेर बसू हो, पण खुर्ची तरी द्या 😀

माझे प्रश्न रेसचे नाहीत. एक, लाइफजॅकेट क्लब देणार की आपापलं? दोन, मुलं पाण्यात गेली किती आणि परत आली किती हे कोण मोजतं? मागे एका ठिकाणी (नाव नको) हा प्रश्न विचारला तर 'सगळे येतात ताई' असं उत्तर मिळालं होतं. तीन, मुलींना कपडे बदलायला जागा. मागच्या वेळी एकच बाथरूम आणि त्यात बोटींची शिडं वाळत घातलेली. चार, जेवण.

डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाच्या बोटीचा अपघात झाला तेव्हापासून माझ्या सासूबाई प्रत्येक वेळी हेच विचारतात आणि त्यांचं काही चुकीचं नाही.

रेस्क्यूबोट_२
ताई, पहिल्या दोनाचं मी सांगतो, दोन्ही दिवस सेफ्टी बोटींचं माझ्याकडे आहे.

लाइफजॅकेट आपापलं आणा, मापाचं. मोठ्या भावाचं चालणार नाही. रॅम्पवर मी प्रत्येकाचं खांद्याला धरून वर ओढून बघणार, कानापर्यंत आलं तर बोट उतरवू देणार नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांना क्लबकडची थोडी आहेत, आधी सांगा. रॅम्प सोडल्यापासून रॅम्पला परत लागेपर्यंत अंगात, पोहता येत असलं तरी, मोठ्यांनाही, लेझरवाल्यांना खास करून सांगतोय. शिट्टी गळ्यात.

मोजणीला टॅली. प्लायवूडचा बोर्ड आणि त्यावर खिळे, प्रत्येक खिळ्याखाली बोटीचा सेल नंबर. खिळ्यावर रंगीत रबरी बँड. उतरताना बँड काढून मुलाने स्वतःच्या मनगटात घालायचा, आल्यावर स्वतःच्या हाताने परत लावायचा. मित्राचा लावायचा नाही, आईने लावायचा नाही. शेवटची बोट आत आल्यावर बोर्डावर एक जरी खिळा मोकळा असेल तर मी पाण्यातच राहतो, तुमचं पोर आत बाथरूममध्ये असलं तरी मला ते माहीत नसतं. बँड न लावणाऱ्याला त्या दिवसाच्या शेवटच्या रेसमध्ये दंडाचे गुण, हे एसआयमध्ये घ्या शिडवाले.

बोटी चार असतील, दोन रिब (फुगवलेल्या कडांच्या मोटरबोटी) आणि दोन भाड्याच्या. ऑप्टी फ्लीटला दोन सतत चिकटून. प्रत्येकीत चालवणाऱ्याबरोबर दुसरा माणूस, जो पाण्यात उडी मारू शकतो. किल कॉर्ड (चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी दोरी) पायाला बांधलेली, सुरी, टो करायची दोरी, प्रथमोपचाराचा डबा, पाणी. आपापसात व्हीएचएफ रेडिओवर चॅनल ७२, आणि आणीबाणीचा १६ कायम कानाखाली. कोस्टगार्डचा १५५४ सगळ्यांनी फोनमध्ये घालून ठेवा, आईबापांनी पण.

शिडवाला_कुलाबा
ताई, मुलींसाठी वरची खोली मोकळी करतोय, किल्ली तुमच्याकडेच ठेवता का? जेवण डब्यात, पाण्यावर. दोन रेसच्या मधे किनाऱ्यावर यायला वेळ नसतो, सेफ्टी बोट डबे आणि कोकम सरबत घेऊन येईल. सकाळी पोहे आणि चहा ९ पासून.

ऑप्टीची_आई_ठाणे
ठेवते. पण शिडं दुसरीकडे वाळत घाला.

लेझरवाला
कोच बोटींचं पण लिहा एसआयमध्ये. मागच्या वेळी एका ऑप्टीवाल्याचे वडील कोच बोटीतून पूर्ण बीटभर (वरच्या मार्कपर्यंत) 'टॅक कर, टॅक कर' ओरडत होते, पोरगं शेवटी रडायला लागलं. रेस सुरू असताना बाहेरची मदत नियमातच बसत नाही.

जुना_झेंडेवाला
लिहूया. प्रिपरेटरी (चार मिनिटांच्या) सिग्नलपासून शेवटची बोट संपेपर्यंत कोच आणि पालकांच्या बोटी कोर्सच्या बाहेर, कुठल्याही रेसच्या बोटीपासून १०० मीटर लांब. सेफ्टीला बोलावलं तरच आत. मोडलं तर पुढच्या दिवशी कोच बोट किनाऱ्यावर.

नाखवा_मच्छीमारनगर
एक राहिलं. कोर्स कुठे टाकताय? गेटवेच्या अगदी जवळ टाकलात तर वायव्येचा वारा इमारतींवरून येतो, तुकड्या-तुकड्यांत, एका बाजूला दहा नॉट तर दुसऱ्या बाजूला दोन. बाहेर काढलंत तर मोठ्या जहाजांचा चॅनल आणि नेव्हीची हद्द. मधली जागा आहे, पण त्यात आमची जाळी असतात. दोन-तीन दिवस आधी आमच्या मच्छीमार सोसायटीत येऊन सांगा, आम्ही तेवढे दिवस दुसरीकडे टाकू. सकाळी आठला येऊन माइकवर सांगू नका, तोवर जाळी गेलेली असतात.

शिडवाला_कुलाबा
नाखवा, येतोच, बुधवारी. तरी एखादं जाळं राहिलंच तर काय करायचं काका? मागच्या वेळी एका ४२० चा सेंटरबोर्ड अडकला, जाळं फाटलं, त्याचे पैसे भरून द्यावे लागले, ते योग्यच होतं, पण त्यावरून प्रोटेस्टही झाला की जाळं हा अडथळा धरायचा की नाही.

जुना_झेंडेवाला
एसआयमध्ये एक ओळ लिहा की जाळ्याच्या बोयांची रांग हा ऑब्स्ट्रक्शन समजला जाईल, ओलांडायची नाही. एसआयने ठरवून दिलेली रेषा किंवा जागा ऑब्स्ट्रक्शन होते, तशी व्याख्येतच सोय आहे. मग आतल्या बोटीला जागा मागता येते, टॅक करायला हाकही देता येते, आणि वाद मिटतो. चालत्या जहाजाचंही लिहा. समुद्रातल्या रस्त्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत शिडाच्या बोटीने चॅनलमधल्या मोठ्या जहाजाच्या आड यायचं नाही असं आहेच, तिथे 'माझा स्टारबोर्ड' चालत नाही. मांडव्याची रो-रो येताना लांबून हळू वाटते, जवळ आली की कळतं.

मार्कच्या नांगराला दोरी सढळ सोडा. दुपारी पाणी चढत जाणार, सुकतीला ताणून बांधलेला मार्क तीन वाजता नांगर उचलून एलिफंटाकडे निघतो.

परवानग्यांचं काय झालं?

शिडवाला_कुलाबा
पोर्ट, नेव्ही, कोस्टगार्ड आणि यलो गेट पोलीस, चौघांना पत्रं तयार आहेत, कोर्सच्या नकाशासकट, बोटींची यादी आणि चालवणाऱ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडून. २६/११ नंतर छोट्या बोटीला कुणी सहज घेत नाही आणि घेऊही नये. म्हणून एंट्री उशिरा घेणार नाही, यादी एकदा दिली की दिली. आयत्या वेळी 'माझा भाचा पण येतोय' चालणार नाही.

तारखेबद्दल आणखी एक. अष्टमीचा वीकेंड मॅरेथॉनच्या रविवारी येत नाही हे बघितलंय, नाहीतर दक्षिण मुंबईत टेम्पो शिरलाच नसता. २६ जानेवारीच्या आधीचे चार दिवसही टाळलेत.

एंटरप्राइजवाला_दादर
आमच्या हँडिकॅप फ्लीटबद्दल कुणी बोलतच नाही. कुठले आकडे धरणार? मागे एकदा कुणीतरी वहीत मनाने लिहिले होते.

जुना_झेंडेवाला
पोर्ट्समथ यार्डस्टिक, त्या वर्षीची यादी, नोटीस बोर्डवर आधी लावलेली. लागलेला वेळ गुणिले १००० भागिले बोटीचा आकडा. एंटरप्राइजचा आकडा ११०० च्या आसपास असतो. समजा तुम्हाला ५० मिनिटं लागली, ३००० सेकंद, तर दुरुस्त वेळ साधारण २७२७. समोरच्याचा आकडा ११५० असेल आणि तोही तुमच्याबरोबरच लाइन ओलांडेल तर त्याची २६०९. म्हणजे तुम्हाला त्याच्यापेक्षा दोनेक मिनिटं पुढे असायला हवं. आकडा मनाचा असला तर याच दोन मिनिटांवरून आयुष्यभराची मैत्री तुटते.

आणि दादरकर, एंटरप्राइजला कुणी कमी लेखत नाही. ८२ च्या एशियाडचं सेलिंग दिल्लीत होणार नव्हतंच, ते इथे मुंबईत झालं आणि तारापोर-करंजिया जोडीने फायरबॉलमध्ये सुवर्ण आणलं. दोघांच्या डिंगीची परंपरा आहे आपल्याकडे. आता सगळे एकेकट्या बोटीत बसतात.

लेझरवाला
कारण क्रू मिळत नाही काका. रविवारी सकाळी फोन उचलत नाहीत.

पवईकर
अजून एक-दोन बारीक प्रश्न, रागावू नका. बोट पवईहून आणायची कशी? आणि खाऱ्या पाण्यासाठी काही वेगळं?

रेस्क्यूबोट_२
ऑप्टी ३५ किलोची, छोट्या टेम्पोत दोन सहज बसतात, खाली जुने टायर टाका आणि डोलकाठी-स्प्रिट (शिडाची तिरकी काठी) एकत्र गुंडाळून बांधा. शुक्रवारी रात्री आणा, शनिवारी सकाळी कॉजवेला टेम्पो उभा करू देत नाहीत.

बोटीत हे हवंच: फुगवलेल्या तिन्ही एअरबॅग, पुढे बांधलेली टो करायची दोरी, वल्हं, आणि पाणी उपसायला डबा. पाच लिटरचा फिनेलचा कॅन तिरका कापायचा, झाकण घट्ट लावून, मूठ तशीच ठेवायची. तो दोरीने बोटीला बांधायचा, नाहीतर बोट उलटली की पहिला तोच जातो. डॅगरबोर्डलाही (मधून खाली सोडायची फळी) इलॅस्टिक आहे का बघा. डोलकाठी बोटीला बांधलेली हवी, हे मी रॅम्पवर बोट कलती करून तपासतो.

तलावात आणि इथे फरक म्हणजे लाट आणि प्लास्टिक. रडरला (सुकाणूला) पिशवी अडकली की बोट एकदम जड होते, पोराला वाटतं वारा पडला. मागे वळून बघायला शिकवा. पिशवी काढली तर बोटीतच ठेवायची, परत पाण्यात टाकायची नाही, तोही नियम आहे. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायची, नळ एकच आहे, रांग लागते, ऑप्टीला आधी.

ऑप्टीची_आई_ठाणे
वारा जास्त झाला तर? कोण ठरवणार?

जुना_झेंडेवाला
रेस ऑफिसर. ऑप्टी आणि आयएलसीए ४ ला सरासरी ४ नॉटच्या खाली किंवा १८ च्या वर स्टार्ट नाही. वाऱ्याची वाट बघायची तर एपी झेंडा किनाऱ्यावरच, तो असेपर्यंत कुणी रॅम्प सोडायचा नाही. मधेच बिघडलं तर एन आणि त्याखाली एच, तीन भोंगे, सगळे आत. आणि हे सगळं असूनही मुलाला नको वाटलं तर त्याने उतरू नये, त्याला कुणी काही बोलणार नाही. बोललं तर मला सांगा.

शिडवाला_कुलाबा
आत्ताच समितीत बोलणं झालं. अष्टमी-नवमीचा वीकेंड ठरला, हॉल सोडला. शनिवारी ब्रीफिंग १०:३०, पहिला वॉर्निंग १ वाजता. रविवारी पहिला वॉर्निंग १ ला, ४ नंतर वॉर्निंग नाही. पहिल्या बोटीला वेळमर्यादा ६० मिनिटं, ती आल्यावर बाकीच्यांना २०. ऑप्टीला फी निम्मी. नोटीस ऑफ रेस दोन दिवसांत टाकतो, त्यातलं काही या धाग्याशी जुळलं नाही तर नोटीस खरी, धागा नाही.

माणसं हवीत: फिनिशला नंबर लिहायला दोन, टॅली बोर्डाला एक (दोन्ही दिवस, जागेवरून न हलणारा), पिन बोटीवर एक. नावं खाली द्या.

एंटरप्राइजवाला_दादर
क्रू मिळाला नाही तर फिनिशला मी. मिळाला तर नाही.

पवईकर
टॅली बोर्डाला मी बसतो. मुलगा म्हणतोय बाबा तिथेच बरे.

नाखवा_मच्छीमारनगर
पिन बोट माझी घ्या, डिझेल तुमचं. रविवारी हार्बरला मेगाब्लॉक असेल, पनवेल-वाशीवाल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ब्रीफिंगला निम्मे लोक कुर्ल्याला अडकलेले असतील.

शिडवाला_कुलाबा
रविवारी ब्रीफिंग ११:१५ ला ठेवतो मग. बुधवारी सोसायटीत किती वाजता येऊ नाखवा?

नाखवा_मच्छीमारनगर
साडेपाचला. नंतर या म्हणाल तर कोणी भेटणार नाही, मॅच आहे.